कांद्याचे निमित्त

त्या स्वयंपाकघरात रोज सकाळी सगळे रडत असत. रडता रडता हसत, हसता हसता हात चालवत, आणि कोणी नवखा माणूस सामान घेऊन दारात आला की घाबरून विचारी, "काय हो, कोणाचं काय झालं?" त्यावर आचारीकाका शेगडीवरून मान वळवून गंभीरपणे सांगत, "पोतंभर कांदा गेला. या, तुम्हीही दोन आसवं गाळा, पुण्य लागेल."

कारखान्याच्या मागच्या अंगाला ही लांबट खोली होती. एका भिंतीशी शेगड्या, दुसऱ्या भिंतीशी नळ आणि मोठमोठी पातेली, मधोमध पत्र्याने मढवलेले लांब टेबल. दुपारच्या भोंग्याच्या आत साऱ्या कामगारांचे जेवण इथून निघायचे. टेबलाच्या टोकाशी आई बसत. त्या एकाच मुलाच्या आई, बाजारातून व्हॅनने भाजी आणणाऱ्याच्या. पण साहेबापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना आईच म्हणत. रोजचा कांदा आई चिरत. ते काम त्यांनी दुसऱ्या कोणाला कधी दिले नाही.

आणि कांदा चिरताना त्या गोष्ट सांगत. नुसती सांगत नसत. आधी एक ओळ गायची, मग त्या ओळीच्या पोटातून गोष्ट बाहेर काढायची, गोष्ट ऐन भरात आली की तिला तिथेच उभी करून पुन्हा ओळ गायची, म्हणजे ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला. लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून त्यांनी असे गाऊन सांगणारे, हसवून रडवणारे लोक पुष्कळ ऐकले होते. ते लोक गेले, वडील गेले, सूर मात्र गळ्यात राहून गेला. देवाचे असेच असते. घेताना मूठभर घेतो आणि मागे चिमूटभर विसरून जातो, ती चिमूट जन्मभर पुरते.

परटिणीची गोष्ट आईंची फार लाडकी.

"एक टोक माझ्या हाती, एक तुझ्या हाती,
पीळ देवा, घट्ट पीळ, ओली माझी माती."

परटीण एकटी. नदीवर धुणे धुवायची. लहानसहान कपडे एकटीने पिळता येतात, पण जड चादर? तिला दोन माणसे लागतात. तर रोज वाटेने जाणारा एक अनोळखी माणूस थांबायचा आणि चादरीचे दुसरे टोक धरायचा. परटीण तोंडाची फटकळ. त्याच्यावर खेकसायची, "अरे, घट्ट धर की! जेवला नाहीस का?" तो हसायचा. एक दिवस तो आलाच नाही. ऊन चढले. वाट पाहून पाहून परटीण आपले टोक हातात घेऊन उभी राहिली...

इथे आई थांबत.

पूर्वी, आप्पा होते तेव्हा, बरोबर इथे शेगडीपासून हाक यायची, "आणि मग?" आप्पा म्हणजे आईंचे यजमान. हे स्वयंपाकघर त्यांनीच मांडलेले, आचारीकाका त्यांच्याच हाताखाली तयार झालेले. गोष्ट आप्पांना तोंडपाठ होती, तरी रोज उकळत्या पातेल्याकडे पाठ फिरवून ते विचारणारच, "आणि मग?" मग आई लटक्या रागाने म्हणत, "सांगते, दम धरा. रस्सा लागेल खाली!"

आप्पा गेले. गोष्ट राहिली, आणि गोष्टीतली ती थांबायची जागाही राहिली. तिथे आल्यावर आईंची सुरी थांबे. शेगड्यांचा घरघर आवाज तेवढा ऐकू येई. मग आई कोपराने डोळे पुसत, "मेला कांदा!" म्हणत आणि पुढची गोष्ट सांगत. सगळ्यांचेच डोळे वाहत असायचे. कोण कशाला लक्ष देतो?

ही सगळी मौज एका माणसाला पाठमोरी ऐकावी लागे. ते माणूस म्हणजे सूनबाई.

सूनबाई आप्पा गेल्यानंतर या घरात आली. पोर गुणी, हसरी. पण डोळ्यांवर चष्मा असा जाड की शाळेपासून सगळे तिला ढापणी म्हणत. लग्न झाल्यावर आठवडाभरातच तिने या टेबलावर जागा धरली होती. टेबलाशी बसावे, आईंच्या शेजारी, हात चालावेत आणि कान भरावेत, एवढीच तिची हौस. तिच्या माहेरी माणसे कमी आणि बोलणे त्याहून कमी. पण स्वयंपाकघरातल्या वाफेने काचा धुरकट व्हायच्या, पुसल्या की पुन्हा धुरकट. पहिल्याच सकाळी, गोष्ट निघायच्या आत, त्या धुक्यात तिने मिठाचा समजून साखरेचा डबा रश्श्यात उपडा केला. तो गोड रस्सा खाऊन कामगारांनी "वाढदिवस कोणाचा?" म्हणून विचारले. कोणी रागावले नाही. आईही हसल्या. पण दुसऱ्या दिवसापासून सूनबाईची नेमणूक खिडकीवर झाली, सकाळपाळीला चहा द्यायचा आणि जेवणाची कुपने घ्यायची.

खिडकीवरून टेबल पाठीशी. वर पंखा घरघरणारा, अर्धी गोष्ट तो खायचा. आणि परटीण चादर घेऊन उभी राहिली की नेमकी सकाळपाळीची चहाची सुट्टी व्हायची, खिडकीशी झुंबड उडायची. परटिणीचे पुढे काय झाले ते सूनबाईला कधीच ऐकू आले नाही. नवऱ्याला विचारले तर तो म्हणाला, "मी लहानपणी तिथवर झोपून जायचो." आचारीकाकांना विचारता आले असते. पण काही गोष्टी ज्याच्या तोंडच्या त्याच्याच तोंडून ऐकायच्या असतात.

म्हणून तिने डोळ्यांचे ऑपरेशन करून घेतले. लोकांना ती सांगे, चष्म्याचा कंटाळा आला. खरे कारण ते टेबल होते.

लेझरचे काम घटकाभरात झाले. डॉक्टरीणबाई समजावून सांगणाऱ्या होत्या. म्हणाल्या, "बुबुळावर एक काच असते असं समजा. तिच्यावरचा पातळ पापुद्रा उचलून आम्ही आतून नंबर घासला आणि पापुद्रा परत ठेवला. पण त्या काचेत केसाहून बारीक नसा असतात. पापुद्रा उचलताना त्यातल्या पुष्कळ तुटतात. त्या परत फुटतात, वेलीला धुमारे फुटावेत तशा, पण सावकाश. काही महिने जातात, कोणाला वर्षही लागतं. तोवर डोळा जरा बधिर राहील. कोरडा पडेल. कचरा गेला तरी चटकन कळणार नाही. थेंब घालत राहा, आठवणीने पापण्या मिटत राहा, आणि स्वयंपाकघरात काम करायचं तर साधा पारदर्शक गॉगल लावा."

सूनबाईने सगळे ऐकले. घरी येऊन भिंतीवरचे घड्याळ चष्म्याशिवाय वाचले आणि नवऱ्याला म्हणाली, "अय्या, तुम्ही केवढे काळे आहात!" तो म्हणाला, "आता फसलीस ती फसलीस. माल परत घेतला जात नाही."

डॉक्टरीणबाईंनी परवानगी देईपर्यंत आईंनी तिला वाफेच्या आसपास फिरकू दिले नाही. घरात त्यांचा पहारा असे. स्वतः भाजी निवडता निवडता पलीकडच्या खोलीतून हाक मारीत, "पापण्या मिटल्यास का गं?" सूनबाई म्हणे, "मिटल्या, आई." "ऐकू नाही आल्या!" असे चालायचे. थेंब घालताना आई तिचे डोके आपल्या मांडीवर घेत आणि थेंब पडेपर्यंत स्वतःच आधी डोळे गच्च मिटून घेत. त्यामुळे पहिले दोन-चार थेंब नाकावर पडत.

शेवटी तो दिवस उजाडला. सूनबाई टेबलाशी बसली. गॉगल लावला होता, तो वाफेने चष्म्यासारखाच धुरकटला, म्हणून खिळ्याला टांगला. आईंनी तिच्यापुढे सुरी ठेवली आणि सावध केले, "दोनच चीर. झोंबला की उठ."

तिने दोन चिरले. चार चिरले. परातभर चिरले. शेंगा मोडणारी मावशी शेजारी पदर नाकाला लावून मुसमुसत होती, आचारीकाकांचे डोळे लाल झाले होते, आईंच्या गालांवरून धार लागली होती, आणि सूनबाई आपली कोरडी ठणठणीत, इकडेतिकडे पाहत हसते आहे.

"झोंबत नाही?" मावशीने विचारले.

"नाकाला जरा कळतो. डोळ्याला काहीच नाही."

"काहीच नाही?"

"लग्नात पाठवणीला तरी रडली होतीस का गं?" आचारीकाका म्हणाले. "की तेव्हापासूनच हा माल असा?"

हसण्याचा एकच कल्लोळ झाला. काकांनी डाव आडवा धरून तिला नमस्कार केला आणि तिथल्या तिथे बारसे केले, "आजपासून ढापणी गेली. ही आमची कांदेश्वरी!" त्या गडबडीत त्या दिवशीची गोष्ट राहूनच गेली.

त्या नावाने सूनबाईचे मन फुलून आले. आपण या टेबलाच्या उपयोगी आहोत, उपयोगी म्हणजे सगळ्यांहून जास्त उपयोगी आहोत, हे तिला पहिल्यांदाच कोणी सांगत होते. आईंचे ते ओले गाल तिने पाहिले आणि तिला वाटले, किती वर्षे ह्यांनी हा त्रास सोसला! दुसऱ्या सकाळी आई यायच्या आत तिने कांद्याची परात आपल्यापुढे ओढून घेतली आणि आईंच्या जागेसमोर बटाट्यांची टोपली मांडली.

"हे काय?" आई दारातूनच म्हणाल्या.

"आई, आता कांदा माझा. तुम्ही पुष्कळ रडलात, आता पुरे."

सगळे वाहवा म्हणाले. "सून असावी तर अशी," मावशी म्हणाली. आई काही क्षण टोपलीकडे बघत राहिल्या. मग बसल्या आणि बटाटा सोलू लागल्या. एवढ्या प्रेमाने दिलेल्या गोष्टीला नाही कसे म्हणायचे?

त्या दिवशी आई गायल्या नाहीत. घसा बसला असेल, सूनबाईने मनाशी म्हटले. दुसऱ्या दिवशी एक ओळ गायल्या आणि गोष्ट निघायच्या आतच "बटाटे किडके निघालेत" म्हणून उठल्या. मग ओळही बंद झाली. आई सोलत, टोपली सरकवीत, पुढची टोपली घेत. कोणी काही विचारले तर "हं". टेबलावर सुऱ्यांचा टकटक आवाज आणि लांबून खिडकीवरच्या पंख्याची घरघर. ज्या गोष्टींसाठी सूनबाईने डोळे कापून घेतले त्या गोष्टी ती टेबलाशी बसताच आटून गेल्या.

"माझं काही चुकलं का हो?" तिने नवऱ्याला विचारले.

"आईचं का? अगं, वय झालंय."

"महिन्यापूर्वी झालं नव्हतं?"

"मग तूच विचार की."

विचारायची तिला छाती होईना. आई म्हणाल्या असत्या, जा बाई खिडकीवर, तर? तिला एकच आधार होता, तो म्हणजे ते कोरडे डोळे. या टेबलावर आपण आहोत ते कांद्यापायी, असे तिने ठरवून टाकले. कांदा झोंबत नाही तोवर जागा आहे. म्हणून रोज सकाळी पहिला कांदा कापताना तिचा जीव मुठीत असे.

एके दिवशी टेबलापलीकडून आईंची सोलणी थांबली. "इकडे बघ," त्या म्हणाल्या. "वर बघ. उजवीकडे." आणि ताडकन उठून आल्या. सूनबाईच्या डाव्या डोळ्यात कांद्याच्या वाळक्या सालीचा तुकडा चिकटून बसला होता. डोळा लालभडक झाला होता, आणि तिला पत्ता नव्हता.

"कधीपासून आहे हे?"

"काय कधीपासून?"

आईंनी उकळून गार केलेल्या पाण्याने डोळा धुतला. हात इतका हलका होता आणि तोंड इतके घट्ट मिटलेले होते, की सूनबाईला त्यातले खरे कोणते ते समजेना. "दगड झालाय नुसता डोळ्याचा," आई पुटपुटल्या आणि तशाच बटाट्याच्या हातांनी तिला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे निघाल्या.

डॉक्टरीणबाईंनी तपासले. ओरखडा नव्हता, देवाची कृपा. मग त्यांनी कापसाचे टोक पिळून दोऱ्याइतके बारीक केले. आई म्हणाल्या, "समोरून लावा ना, तिला दिसेल."

"दिसायलाच नको आहे," डॉक्टरीणबाई हसल्या. "समोरून आणला तर दिसला म्हणून डोळा मिटतो. मला बघायचंय ते जाणवला म्हणून मिटतो का." त्यांनी कापूस बाजूने हळूच नेऊन डाव्या बुबुळाला टेकवला. काही नाही. मग उजव्या डोळ्याला टेकवला. पापणी फडफडली.

"छान! उजवीकडच्या नसा परत यायला लागल्या."

सूनबाईचा चेहरा पडला. तिने हळूच विचारले, "त्या नाही आल्या तर... चालणार नाही का?"

डॉक्टरीणबाईंनी असा प्रश्न उभ्या आयुष्यात ऐकला नव्हता. आई मध्येच म्हणाल्या, "ही कांदा चिरते आणि रडत नाही. ते चांगलं लक्षण नाही ना हो?"

"मुळीच नाही. कांद्याने पाणी येतं म्हणजे डोळ्याचा राखणदार जागा आहे. आज तो झोपला होता म्हणून साल आत शिरली."

"आणि मनातून रडू आलं तर? तेही नाही येणार?"

"ते येईल की. ते वेगळ्या वाटेने येतं. त्याला या नसा लागत नाहीत."

"अस्सं," आई म्हणाल्या, आणि घरी येईपर्यंत कसला तरी विचार करत राहिल्या. गॉगल मात्र त्यांनी दुसऱ्या सकाळी स्वतः खिळ्यावरून काढला, कडांना हवेसाठी भोके पाडून घेतली आणि सूनबाईच्या डोळ्यांवर चढवला. "जागेवरून हलला तर बघ," म्हणाल्या.

दिवस गेले. थंडी सरून हवा तापू लागली. आणि एका सकाळी गॉगलच्या भोकातून कांद्याने सूनबाईला गाठले.

आधी उजव्या डोळ्यात बारीक टोचल्यासारखे झाले. मग डाव्या. ही ओळखीची झोंब तिला इतक्या महिन्यांनी भेटत होती, माहेरचे खोडकर माणूस भेटावे तशी. पण भेटली ती नको त्या वेळी. तिने श्वास रोखून धरला. तोंडात पाण्याचा घोट धरून चिरून पाहिले. कांदे आधी गार पाण्यात टाकून ठेवले. मावशीने विचारले, "कांद्यांना आंघोळ कशाला?" तर म्हणाली, "माती असते." दोन दिवस असे निभावले. तिसऱ्या दिवशी पोत्यात कांदा आला तो असा जालीम, की गॉगल आतून भरला. आता पाणी गॉगलच्या भोकांतून थेंब थेंब परातीत पडू लागले.

आईंची सोलणी टेबलावर पडली.

"काय झालं?"

सूनबाईने मान हलवली.

"कोणी काही बोललं का? काका, तुम्ही काही बोललात?"

"मी? मी सकाळपासून फक्त मिठाशी बोललोय!"

"मग माझा मुलगा बोलला." आई दाराकडे वळल्या. तो बिचारा कोबीचे पोते पाठीवर घेऊन आत येत होता. "टाक ते खाली! काय बोललास हिला?"

"कोणाला?"

"बायकोला! डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलंय, हिला कांद्याने पाणी येत नाही. येईल ते मनातूनच येईल. आणि ही बघ, ढसाढसा रडतेय. एवढं काय बोललास, सांग आधी."

"आई, मी तर पहाटेच बाजारात गेलो. ती झोपली होती!"

"झोपलेल्या माणसाला बोललास? शरम नाही वाटली?"

पोते पायाशी, तोंड उघडे, असा तो उभा. सूनबाईला नवऱ्याची दया आली. तिने गॉगल काढला आणि तोंड पुसत म्हणाली, "आई, त्यांना सोडा. कांदाच आहे."

"कांदा?"

"झोंबायला लागलाय. तीन दिवस झाले. मी लपवत होते."

आई म्हणाल्या, "लपवायचं काय त्यात? चोरी केलीस?"

"आता मला खिडकीवर पाठवाल म्हणून." आणि एकदा वाट फुटल्यावर सगळेच बाहेर आले. "कांदा झोंबत नव्हता म्हणून तर मी इथे होते. एरवी मला काय येतं? आणि मी इथे आले तर तुम्ही गाणंच बंद केलंत. गोष्ट नाही, काही नाही. मी आल्यामुळेच ना?"

"तू आल्यामुळेच," आई म्हणाल्या.

मावशीच्या हातातली शेंग हातातच राहिली. सूनबाईने मान खाली घातली.

आई टेबलाला वळसा घालून तिच्याजवळ आल्या आणि बाकावर टेकल्या. आवाज खाली आणून, पण सगळ्यांना ऐकू येईल असाच, म्हणाल्या, "अगं वेडे, तू आलीस आणि माझ्यापुढची परात उचललीस. एवढ्या मायेने उचललीस की मला परत मागता येईना. हे गेले, तेव्हापासून दिवसातला हा एवढाच वेळ माझा होता. घरी रडावं तर मुलगा कावराबावरा होतो. इथे रोज मनासारखं रडायचं, गायचं, वर कांद्याला शिव्या द्यायच्या, की दिवसभर माणूस मोकळं. तू मला बटाटे दिलेस. आता मला सांग, बटाट्यावर कोणी रडतं? बटाट्यावर रडलं तर लोक विचारतात, काय झालं म्हणून!"

कोणी हसले नाही. मग आईच हसल्या, आणि तेव्हा आचारीकाका नाक ओढून म्हणाले, "आई, इतकी वर्षं आम्हीसुद्धा कांद्याच्याच नावावर खपवत होतो बरं का."

"ते मला माहीत आहे," आई म्हणाल्या. "तुमच्या शेगडीपर्यंत कांदा कुठे पोचतो?"

त्यांनी परात दोघींच्या मधोमध ओढली. "सरक. अर्धे तुझे, अर्धे माझे. आणि पुन्हा खिडकीचं नाव काढलंस तर बघ. खिडकीवर हा बसेल," आणि त्यांनी अजून पोत्यापाशी उभ्या असलेल्या मुलाकडे बोट केले. "झोपलेल्या बायकोला बोलतो!"

"अहो पण मी..."

"जा, चहाची वेळ झाली."

तो गेला. सुऱ्या चालू लागल्या. जालीम कांदा दोघींनाही सारखाच भिडला. दोघींच्या डोळ्यांतून सारख्याच धारा. आईंनी घसा खाकरला. इतक्या दिवसांचा गंज होता, पहिली ओळ जरा खरखरली, दुसऱ्या ओळीला सूर लागला.

"एक टोक माझ्या हाती, एक तुझ्या हाती..."

परटीण नदीवर आली. अनोळखी माणूस आला, त्याने टोक धरले, परटीण त्याच्यावर खेकसली, "घट्ट धर की, जेवला नाहीस का?" सूनबाईने पंख्याशिवाय, पाठ न फिरवता, हे पहिल्यांदाच नीट ऐकले. मग तो दिवस आला. माणूस आला नाही. ऊन चढले. परटीण चादरीचे आपले टोक हातात घेऊन उभी राहिली.

आई थांबल्या. सुरी थांबली. शेगड्यांची घरघर तेवढी राहिली.

"आणि मग?" सूनबाई म्हणाली.

आचारीकाकांचा डाव पातेल्यात होता तिथेच थांबला. मावशीने पदर तोंडाशी नेला. आईंनी हळूहळू मान वळवली.

"हे विचारायला तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही," सूनबाई घाबरली. "मला खरंच पुढचं माहीत नाही. खिडकीवर ऐकूच यायचं नाही हो. मग काय झालं?"

आई तिच्याकडे बघतच राहिल्या. डोळे वाहत होते, पण त्या पुसत नव्हत्या, कांद्याला शिव्याही देत नव्हत्या. मग डोळ्यांतल्या त्या पाण्याखालून एक हसू वर आले, जुने, लटक्या रागाचे.

"सांगते, दम धर," त्या म्हणाल्या. "मग काय! परटीण म्हणाली, नाही आलास तर नाही, माझी चादर मी पिळीन. आणि तिने आपल्या टोकाला पीळ घातला. तर काय सांगू बाई, चादर पिळली गेली! पाणी धो धो खाली. एका टोकाने कधी चादर पिळली जाते? तिने वर पाहिलं. समोर कोणी नाही. आणि चादर मात्र ताणलेली. दुसरं टोक कोणीतरी घट्ट धरलेलं."

सूनबाईच्या अंगावर काटा आला. "मग परटीण काय म्हणाली?"

"काय म्हणणार? फटकळच ती." आईंनी नवा कांदा हातात घेतला. "म्हणाली, आज जेवून आलास वाटतं!"

सगळे टेबल हसले, आणि हसता हसता सगळे रडले. त्यातले किती कांद्याचे आणि किती कशाचे, ते मोजायला देवच बसला असेल तर बसो.

तेवढ्यात करपल्याचा वास आला. आचारीकाका "अरे देवा!" म्हणून पातेल्याकडे धावले. रस्सा खाली लागला होता. दुपारी तो खाऊन कामगारांनी खिडकीवर तक्रार केली. खिडकीवर बसलेल्या मुलाने आत येऊन विचारले, "त्यांना काय सांगू?"

"सांग," आई म्हणाल्या, "पुष्कळ दिवसांनी लागलाय. गोड मानून घ्या."